विंडोज, लिनक्स की मॅक? : रोजच्या कामासाठी संगणकप्रणालीची निवड

डोंगरकडा (जि. हिंगोली) : संगणक घेताना ग्राहक किंमत विचारतो, पडद्याचा आकार पाहतो, मेमरी किती याची चौकशी करतो. त्यावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम चालणार, हा प्रश्न मात्र बहुधा विक्रेत्यावरच सोपवला जातो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित मोफत अपडेट बंद केले आणि हा दुर्लक्षित प्रश्न एकाएकी अनेक घरांच्या दारात येऊन उभा राहिला. संगणक सुरू होतो, की-बोर्ड चालतो, छपाई होते. पण आतली प्रणाली मात्र मुदत संपलेली. अशा संगणकाचे करायचे काय?

शहरात या प्रश्नावर चर्चा रंगते ती आवडीनिवडीच्या अंगाने. कोणी मॅकच्या देखणेपणावर भाळतो, कोणी लिनक्सच्या स्वातंत्र्याचे गोडवे गातो, तर कोणाला विंडोजवाचून चैन पडत नाही. कळमनुरी तालुक्यात, केळी, ऊस आणि हळदीच्या पट्ट्यात वसलेल्या डोंगरकड्यासारख्या गावात मात्र हाच प्रश्न रोजीरोटीचा होतो. अशा गावात सेवा केंद्राच्या एकाच संगणकावरून सातबारा निघतो, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरला जातो, शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवली जातात. पीक विम्याच्या अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी तो संगणक अडून बसला, तर दुरुस्तीसाठी कळमनुरी, हिंगोली किंवा नांदेड गाठावे लागते आणि तोवर रांगेतील शेतकरी ताटकळत राहतात.

या दोन जगांना जोडणारा एक धागाही आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावी, भावंडांच्या शिक्षणासाठी पाठवून देतो. विंडोज १० वर चालणारे असे कितीतरी लॅपटॉप आज या वाटेवर आहेत. ते गावी उपयोगी पडतील की अडगळ ठरतील, हे पुष्कळ अंशी प्रणालीच्या निवडीवर अवलंबून आहे. त्यामुळे निरनिराळ्या प्रणालींविषयीची मते आणि त्यामागील वस्तुस्थिती समजून घेणे शहरी वाचकांनाही उपयुक्त ठरेल.

प्रणाली करते काय?

संगणकाचे सुटे भाग, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, प्रिंटर, आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, प्रिंटरला आज्ञा कशी पोहोचवायची, हे सारे ती ठरवते. प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असते. ती प्रणालीला समजावून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. एखादे उपकरण एका प्रणालीवर चालते आणि दुसरीवर चालत नाही, याचे कारण बहुतेक वेळा उत्पादकाने दुसऱ्या प्रणालीसाठी ड्रायव्हरच दिलेला नसतो, हे असते.

प्रणालीत सुरक्षेच्या उणिवाही वेळोवेळी सापडत असतात. त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या म्हणजे अपडेट. कंपनीने अपडेट देणे थांबवले, तरी संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालत राहतो. पुढे सापडणारी प्रत्येक उणीव मात्र तशीच उघडी राहते.

हा धोका काल्पनिक नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नोटपेट्या’ या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या संगणकजाळ्यात तो शिरला आणि त्याचा फटका न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. तेथील कंटेनरची कामे अडकून पडली. त्या प्रोग्रामने पसरण्यासाठी विंडोजमधील जी उणीव वापरली, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेली होती. जाळ्यातील एक दुर्लक्षित संगणकही इतरांना गोत्यात आणू शकतो, हा त्या घटनेचा धडा.

विंडोज : सवय आणि सोय

विंडोजची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. भारतातील मध्यमवर्गीय घरांत आणि कार्यालयांत तिचा खरा शिरकाव झाला तो १९९५ मधील ‘विंडोज ९५’ नंतर. २००१ मधील ‘विंडोज एक्सपी’ने तर एक संपूर्ण पिढी घडवली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमातून तालुक्या-तालुक्यांत संगणकाची ओळख झाली. ही ओळख प्रामुख्याने विंडोजचीच होती. त्यामुळे ‘संगणक येतो’ याचा अर्थ ‘विंडोज येते’ असा रूढ झाला.

विंडोजच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा सोयीचा आहे. दुकानदारांचे लाडके टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. छपाई व्यवसायात रुजलेल्या श्रीलिपीसारख्या मराठी सॉफ्टवेअरचा संसारही विंडोजवरच थाटलेला. बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, स्वस्तातले प्रिंटर आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हर सर्वप्रथम विंडोजसाठी तयार होतात. याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्ती करणारा सापडतो. तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही दुरुस्तीवाला विंडोज जाणतो. डोंगरकड्यासारख्या ठिकाणी सेवा केंद्र चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा एकच मुद्दा बाकी सर्व युक्तिवादांवर मात करतो.

आक्षेप घेणारेही कमी नाहीत. पहिला आक्षेप किमतीचा. मूळ परवान्याची किंमत टाळण्यासाठी ‘क्रॅक’ केलेल्या प्रती सर्रास वापरल्या गेल्या. परवान्याची अट चुकवणाऱ्या अशा प्रोग्रामबरोबर हेरगिरी करणारे प्रोग्रामही संगणकात शिरू शकतात. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील हाताळले जातात, तेथे अशी प्रत वापरणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप व्हायरसचा. जी प्रणाली सर्वाधिक वापरली जाते तिच्यावरच हल्लेखोरांचा डोळा असतो. या उपद्रवातूनच महाराष्ट्रात एक उद्योगही उभा राहिला. पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या कैलास काटकर यांनी बंधू संजय यांच्या साथीने १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा व्हायरसविरोधी प्रोग्राम बाजारात आणला. आजच्या विंडोजमध्ये अशा संरक्षणाची मूलभूत व्यवस्था अंगभूतच असते. अपडेट चालू असेल आणि वापरणारा सावध असेल, तर घरगुती वापरासाठी ती पुष्कळ अंशी पुरते.

तिसरा आणि सर्वांत ताजा आक्षेप विंडोज ११ च्या अटींचा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण लागते. ती अट जुने संगणकही पूर्ण करतात. अडते ते ‘टीपीएम २.०’ या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या वयावर. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. म्हणजे २०१६ किंवा २०१७ मध्ये चांगली किंमत मोजून घेतलेला, आजही ठणठणीत असलेला लॅपटॉप नव्या प्रणालीसाठी अपात्र ठरतो. ग्राहकांची नाराजी आहे ती येथे, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

लिनक्स : मोफत, पण परके?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये एका प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी, १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केलेली होती. या दोन प्रवाहांच्या संगमातून आज आपण ज्याला ढोबळमानाने लिनक्स म्हणतो ती प्रणाली घडली. ती कोण्या एका कंपनीच्या मालकीची नाही. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशा अनेक रूपांत ती मिळते आणि ही रूपे मोफत उतरवून घेता येतात. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत जगभर टपालाने फुकट पाठवल्या जात. इंटरनेट महाग आणि मंद असण्याच्या त्या काळात भारतातील अनेक विद्यार्थ्यांना लिनक्सचे पहिले दर्शन घडले ते त्या सीडीमुळेच.

लिनक्सच्या चाहत्यांचे म्हणणे असे की, जुन्या संगणकाला यासारखे दुसरे औषध नाही. लिनक्स मिंटला किमान २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. विंडोजचे बहुतेक व्हायरस तिच्यावर चालत नाहीत. अपडेट कधी घ्यायचे हे वापरणाराच ठरवतो. वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावात ही बाब मोलाची आहे; कारण अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर कोणतीही प्रणाली मोडू शकते. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण यांसाठी लिबर ऑफिस, आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स किंवा क्रोम, एवढ्यावर विद्यार्थ्याचे बहुतेक काम भागते. उबुंटूच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे नियमित अपडेट मिळतात.

याउलट, लिनक्स वापरून पुन्हा विंडोजकडे वळलेल्यांचे अनुभवही ऐकण्यासारखे असतात. प्रिंटर ओळखला जात नाही, एखाद्या लॅपटॉपचे वायफाय चालत नाही, वर्डमध्ये केलेला अर्ज लिबर ऑफिसमध्ये उघडल्यावर तक्त्यांच्या रेघा सरकतात. अडचण आली तर विचारायचे कोणाला? इंटरनेटवर उत्तरे विपुल आहेत, पण ती बहुतांशी इंग्रजीत आहेत. ज्याला प्रणालीची कुतूहलाने उलथापालथ करायला आवडते त्याला लिनक्स मित्र वाटते. ज्याला फक्त काम उरकायचे असते त्याला ती पहिल्या अडचणीपर्यंतच बरी वाटते.

संस्थांच्या पातळीवर दोन्ही प्रकारचे दाखले आहेत. केरळने शासकीय शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि ते टिकवून दाखवले. शिक्षकांचे प्रशिक्षण, मल्याळममधील साहित्य आणि शाळांसाठी खास बनवलेली लिनक्सची आवृत्ती अशा तिहेरी आधारावर ते उभे आहे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरवले. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये आणली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय तिच्यात आहे. संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये उबुंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली आपल्या संगणकांवर बसवण्यास सुरुवात केली. या साऱ्यांतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. लिनक्स यशस्वी होते ते मोफत असल्यामुळे नव्हे. शिकवणारा आणि अडचण सोडवणारा माणूस हाताशी असेल तेथे ते रुजते.

मॅक : देखणा, टिकाऊ आणि महाग

ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक जानेवारी १९८४ मध्ये आला. २००१ मध्ये ‘मॅक ओएस एक्स’च्या रूपाने या प्रणालीचा पाया बदलला आणि ती युनिक्सच्या कुळात गेली. महाराष्ट्रात मॅकचे बस्तान बसले ते जाहिरात संस्था, छपाईपूर्व काम आणि चित्रपटांचे संकलन अशा क्षेत्रांत. रंगांची अचूकता, अक्षरांची सुबकता आणि तासन्‌तास न अडखळता चालण्याची क्षमता, हे तिचे गुण तिचे टीकाकारही मान्य करतात. यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने ड्रायव्हरचे झगडे कमी. प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांचे वेगळे पैसेही पडत नाहीत.

मात्र किंमत सामान्य लॅपटॉपपेक्षा बरीच अधिक आणि दुरुस्ती खर्चिक. ॲपलची स्वतःची दालने मुंबईत एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. डोंगरकड्याहून ही दोन्ही शहरे शेकडो किलोमीटर दूर. शिवाय मॅकलाही मुदत चुकलेली नाही. २०२० पासून ॲपल स्वतःचे प्रोसेसर वापरू लागली आणि २०२५ मध्ये आलेली ‘टाहो’ ही इंटेल प्रोसेसरच्या निवडक मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने जाहीर केले. जुना मॅक स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने हे आधी पाहावे.

हातातला संगणक

प्रणालींच्या वादात एक गोष्ट सहसा विसरली जाते. गावातील बहुसंख्य लोकांची पहिली आणि बऱ्याचदा एकमेव प्रणाली अँड्रॉइड आहे, आणि तिचा गाभा लिनक्सचाच आहे. महसूल विभागाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केलेली ई-पीक पाहणी शेतकरी मोबाइलवरूनच करतो. वीजबिल, बँकेचे व्यवहार, बाजारभाव, सारे त्याच पडद्यावर. त्यामुळे ‘लिनक्स सामान्य माणसाला जमणार नाही’ या मताला एका अर्थाने शेताच्या बांधावरच उत्तर मिळालेले आहे. पण मोबाइलवर लांबलचक अर्ज भरणे, दोन कागदपत्रे शेजारी ठेवून ताडून पाहणे, प्रकल्पाचा अहवाल लिहिणे ही कामे जिकिरीची होतात. तेथे की-बोर्ड असलेला संगणक हवाच.

या दोहोंमधली वाट म्हणजे गुगलची क्रोम ओएस. ब्राउझर हेच तिचे सर्वस्व. जुन्या संगणकांसाठी ‘क्रोम ओएस फ्लेक्स’ ही तिची मोफत आवृत्ती जुलै २०२२ मध्ये आली. ती हलकी आहे, शिकायला सोपी आहे. पण इंटरनेट नसेल तर तिचा उपयोग फार थोडा उरतो. अँड्रॉइडची ॲप तिच्यावर चालत नाहीत. नेटवर्क बेभरवशाचे असलेल्या गावी पाठवायच्या लॅपटॉपमध्ये ती घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मराठीची कसोटी

मराठी वाचकांसाठी आणखी एक कसोटी आहे : मराठी लिहिता-वाचता येणे. २००० च्या दशकात ही कसोटी फार कठीण होती. प्रत्येक सॉफ्टवेअरचा फाँट निराळा आणि त्यामागील संकेतही निराळे. एका फाँटमध्ये लिहिलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेही आपापले फाँट वापरत आणि त्यातील काही केवळ विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसत. लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्याला आपल्याच भाषेतील बातमी वाचता येत नसे. प्रणालीची निवड ही त्या काळी भाषेचीही निवड होती.

हे चित्र युनिकोडने पालटले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची अंगभूत सोय आली ती ‘मंगल’ या फाँटसह. तो घडवला होता नामवंत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. लिनक्सच्या जगात ‘लोहित’ हे फाँट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केले. त्यांचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या, श्रीलिपी बनवणाऱ्या कंपनीचे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या देवनागरीमागे महाराष्ट्राचाच हात आहे. भारतीय भाषांसाठी ठरवलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक आज तिन्ही प्रणालींत मिळतो. उच्चारानुसार रोमन कळांनी मराठी लिहिण्याची सोयही तिन्हींत आहे. विंडोज १० मध्ये ती मे २०१९ च्या अपडेटपासून अंगभूत झाली.

तरीही संगणक पारखताना चार शब्द लिहून पाहावेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक पडद्यावर आणि छपाईत दोन्हीकडे नीट उमटतो का? ‘ॲप’मधील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. जुन्या प्रणालीत किंवा जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. ज्याच्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत, त्याने त्या युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज प्रणाली बदलू नये. अन्यथा वर्षानुवर्षांचे लेखन हाती असूनही वाचता येणार नाही.

जुन्या संगणकापुढील वाटा

विंडोज १० असलेल्या संगणकाच्या मालकाने प्रथम आपला संगणक विंडोज ११ साठी पात्र आहे का, हे तपासावे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम आहे. पात्र असल्यास विंडोज १० च्या वैध प्रतीवरून विंडोज ११ वर जाण्याचे शुल्क पडत नाही. पात्र नसल्यास मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणली. घरगुती ग्राहकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. ही केवळ उसनी घेतलेली सवड आहे, तोडगा नव्हे. अटी चुकवून अपात्र संगणकावर विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु अशा संगणकाला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

लिनक्सकडे वळायचे असेल तर थेट उडी घेण्याची गरज नाही. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन, डिस्कवरील विंडोजला हात न लावता संगणक त्यावरून सुरू करता येतो. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर चालतो का हे अर्ध्या तासात कळते. पटले तरच ते डिस्कवर बसवावे. दोन्ही प्रणाली एकाच संगणकात ठेवण्याचीही सोय आहे. मात्र मुदत संपलेली विंडोज त्यात राहणार असेल, तर तिच्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. कोणताही बदल करण्यापूर्वी फोटो, कागदपत्रे आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावेत. बहुतेकांचे नुकसान प्रणाली बदलल्यामुळे होत नाही, ते ही प्रत न घेतल्यामुळे होते.

अपडेटच्या बाबतीतही तारतम्य हवे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. याचा अर्थ अपडेट घेऊच नयेत असा नाही. सेवा केंद्रासारख्या ठिकाणी ते अंतिम मुदतीच्या गर्दीत घेऊ नयेत, कामाचा भार कमी असलेला दिवस निवडावा, आणि शक्य असल्यास जुना का होईना, दुसरा संगणक तयार ठेवावा, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी काय निवडावे?

सेवा केंद्र चालवणाऱ्याने भावनेला थारा न देता विंडोज ११ ची वैध प्रत असलेला संगणकच ठेवावा. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदतीचे बंधन आले. ठशांचे यंत्र चालले नाही, तर ग्राहक रिकाम्या हाती परततो. येथे परवान्याचे पैसे वाचवणे महागात पडते. ज्या दुकानदाराचा हिशेब टॅलीवर आहे त्यालाही हाच नियम लागू.

विद्यार्थ्यासाठी चित्र वेगळे आहे. घरी आलेला जुना लॅपटॉप विंडोज ११ ला अपात्र असेल, तर त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. अभ्यास, लेखन, इंटरनेट आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिण्याचा सराव ही कामे त्यावर उत्तम होतात. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्याला तर ती आगाऊ शिदोरीच ठरेल. कारण जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवरच चालतात. शासकीय टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्याने मात्र आपल्या संस्थेत जी प्रणाली आणि जो कळफलक शिकवला जातो, तोच घरी ठेवावा.

निवृत्त शिक्षक, गृहिणी किंवा ज्येष्ठ नागरिक यांना हवे असते ते मुलांशी व्हिडिओवर बोलणे, बातम्या वाचणे, फोटो पाहणे. त्यांच्यासाठी प्रणालीचे नाव दुय्यम आहे. घरात किंवा शेजारी ज्याला फोन करून विचारता येईल, त्या माणसाला जी प्रणाली येते, ती त्यांनी घ्यावी. चित्रकला, ध्वनी-चित्रसंकलन किंवा मांडणी हा ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे आणि ज्यांचे ग्राहक शहरात आहेत, त्यांना मॅकची किंमत परवडू शकते. केवळ मिरवण्यासाठी ती मोजू नये.

आणि शहरातून गावी लॅपटॉप पाठवणाऱ्याने तो तसाच खोक्यात घालून पाठवू नये. आधी आपल्या बँकेचे आणि मेलचे तपशील त्यातून पूर्ण पुसून टाकावेत. अपडेट मिळणारी प्रणाली त्यावर बसवावी. मराठी कळफलक सुरू करून ठेवावा. गावात असलेला प्रिंटर कोणता, हे फोनवर विचारून त्याचा ड्रायव्हर तपासावा. आणि पहिला महिनाभर रोज संध्याकाळी येणाऱ्या फोनला कंटाळू नये. विंडोज श्रेष्ठ की लिनक्स, हा वाद शहरात आणखी बराच काळ चालेल. डोंगरकड्यात तो सोडवण्याची रीत साधी आहे : उद्या सकाळी जे काम करायचे आहे ते ज्यावर अडणार नाही, आणि अडले तर ज्याविषयी विचारायला माणूस सापडेल, ती प्रणाली चांगली.